अर्धलीनं दिलेलं यंत्र

बेळगावला लोक लग्नाला जातात, किल्ला बघायला जातात, नाहीतर गोव्याच्या वाटेवर जेवायला थांबतात. आम्ही गुंतवणूकदार शोधायला गेलो होतो. टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली एक यंत्र बांधलेलं होतं आणि ते कुणाला तरी आवडावं एवढीच माझी इच्छा होती. परत येऊन आठवडा झाला तरी नाकातला ओल्या भाताचा वास गेलेला नाही, म्हणून तो जायच्या आत लिहून काढतो आहे.

यंत्र भात वाळवायचं. दोन चाकांवरची पत्र्याची पेटी. भाताचंच तूस जाळून हवा तापवायची, ती पंख्याने दाण्यांतून फिरवायची, आणि ओलावा किती उरला ते बाहेरच्या छोट्या पडद्यावर बघायचं. मळणी झाली की शेतकरी डांबरी रस्त्यावर भात पसरतात आणि आभाळाकडे बघत बसतात, ते बसणं संपवावं हा विचार. पेटी माझी, ओलावा ओळखणारं डोकं सुजाताचं. आम्ही दोघं पुण्याच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. मी मूळचा नाशिकचा, ती निपाणीची. मी चित्रं काढत बसणारा आणि ती त्या चित्रांना कामाला लावणारी, अशी आमची वाटणी आपोआपच झाली होती.

पुण्यातल्या गुंतवणूकदारांनी आम्हाला उत्तम कॉफी पाजली. एकाने पेटी सोडून फक्त ॲप करा असं सुचवलं, दुसरा म्हणाला आधी गिऱ्हाईक आणा. दरम्यान सुजाताला बेंगळूरच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं. त्याआधी पहिला गुंतवणूकदार मिळाला तर ती थांबणार, नाही मिळाला तर जाणार, हे आमच्यात सरळ ठरलं होतं. ती गेली तर यंत्र मला एकट्याला चालवता आलं नसतं. खरं सांगायचं तर मला ते एकट्याला करायचंच नव्हतं.

निपाणी, गुरुवार

कोगनोळीचा नाका गेला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, माणसं मात्र तीच राहतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तंबाखूचं रान. हिवाळ्याच्या तोंडचं ऊन असं काही पडलं होतं की मी टेम्पो चालवतो आहे हेच विसरत होतो. सुजाताने मला बऱ्याचदा समोर बघायला सांगितलं. निपाणीत शिरताना वखारींवरून तंबाखूचा गोडसर, घशाला लागणारा वास आला. ती म्हणाली, लहानपणी तिला वाटायचं सगळ्या गावांना असाच वास असतो.

तिचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, खिडकीत छोटी बुद्धमूर्ती. आई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. सुजाताची आजी लोकांच्या शेतात राबली आणि घरी येऊन तिने विड्या वळल्या, त्यातून आई शिकल्या, आणि आईंच्या पगारातून सुजाता. त्यामुळे महिन्याला येणाऱ्या पगाराबद्दल त्या घरात आदर आहे, आणि तो का आहे हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, सुकट आणि दही. आमच्या नाशिककडे तिखट खाणारे बढाया मारतात. इथे बढाया न मारता खातात. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा आईंनी न विचारता दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि नोकरीचा विषय काढला.

"बेंगळूरची नोकरी चांगली हाय निखिल," त्या मला म्हणाल्या, जणू मीच नाही म्हणत होतो. "तुमचं यंत्र बी चांगलं असंल. पण माझ्या पोरीनं दुसऱ्याच्या भरवशावर जगू नये, एवढंच माझं म्हणणं."

मी खर्ड्याचं निमित्त करून पाणी पीत राहिलो.

बेळगाव, शुक्रवार

तवंदी घाट चढताना खाली धुकं साचलेलं होतं आणि त्यातून देवळांचे कळस, पाण्याच्या टाक्या वर आलेल्या. असं काही दिसलं की मला वाटतं सगळं नीट होणार आहे. सुजाताला असं काही दिसलं की ती ब्रेक तपासायला सांगते.

बेळगावातल्या एका कॉलेजात नव्या उद्योगांना आधार देणारं केंद्र आहे. तिथल्या मॅडम कन्नड घरातल्या, पण मराठी अगदी घरच्यासारखं बोलणाऱ्या. एकाच वाक्यात शिपायाशी कन्नड, आमच्याशी मराठी आणि फोनवर इंग्रजी, आणि कुठेही ठेच नाही. त्यांनी यंत्राचं पोट उघडून बघितलं, हात काळे करून घेतले आणि मग बसल्या. केंद्राची कार्यशाळा वापरायला मिळेल, ओतकाम करणारे कारखाने जोडून देऊ, पण दोन गोष्टी लागतील, असं त्या म्हणाल्या. कंपनी कर्नाटकात नोंदवायची, आणि पहिला पैसा इथल्या एका तरी माणसाचा हवा. बाहेरचे लोक कौतुक ऐकून जातात आणि परत येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. इथला माणूस गुंतला की तुम्ही पण गुंतता, असं त्यांचं साधं गणित.

तो इथला माणूसही त्यांनीच सुचवला. येळ्ळूरचे एक अण्णा. घरची भातशेती, आणि उद्यमबागेत स्वतःचा ओतकामाचा कारखाना. मॅडमनी दुपारची वेळ ठरवून दिली आणि बजावलं की अण्णांना कागद दाखवू नका, यंत्र दाखवा.

मधल्या वेळात आम्ही खडेबाजारात फिरलो. भांडी, साड्या, अडकित्ते, मोबाईलची कव्हरं, सगळं एकमेकांच्या अंगावर रेलून ठेवलेलं. एका दुकानात मांडे बघितले, वहीच्या कागदाइतके पातळ आणि घडी घातलेले. खव्याचा कुंदा चाखायला म्हणून दुकानदाराने तळहातावर ठेवला तो इतका होता की पुण्यात त्याला विकत घेतलेला म्हणतात. सुजाताने आईसाठी कुंद्याचा पुडा घेतला. मी दुकानदाराला भात वाळवायच्या यंत्राबद्दल सांगायला लागलो तर त्याने शांतपणे अजून थोडा कुंदा माझ्या हातावर ठेवला.

येळ्ळूर, त्याच दिवशी दुपारी

येळ्ळूरच्या शिवारात सुगी उरकत आली होती. कापलेल्या भाताची धसकटं, मध्ये राशी, लांब टेकडीवर किल्ला. त्या दुपारी किल्ला जमिनीवर उभा न राहता हवेत टेकल्यासारखा दिसत होता. वाऱ्यावर वासाच्या तांदळाचा सुगंध येत होता, शिजलेल्या नव्हे, अजून तुसातच असलेल्या. मी पुन्हा समोर बघायचं विसरलो.

अण्णा साठीचे, उंच, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. कारखानदार असले तरी पायात साध्या चपला आणि आवाज रानात हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. त्यांच्या सकाळच्याच मळणीचं ओलं भात पेटीत भरलं, मी पंखा चालू केला आणि मागचं झाकण लावायला विसरलो. अण्णा नेमके मागे उभे होते. सगळं तूस त्यांच्या शर्टावर, मिशीवर, कानात. त्यांनी मिशी झटकली आणि विचारलं, "आता चालू झालं का व्हायचंय?"

झालं, आणि नीट झालं. भात वाळत गेलं तसा पडद्यावरचा आकडा उतरत गेला. अण्णांचा आकड्यावर भरवसा नव्हता. त्यांनी दाणा दाताखाली धरून कट्टकन फोडला आणि मान हलवली. मग यंत्राभोवती फिरले, चाकं बघितली, पत्र्यावर थाप मारली. ओतकामातलं कळणारा माणूस असल्याने भट्टीची जाळी बदलायला सांगितली आणि ती आपल्याकडेच ओतून देतो म्हणाले.

भाव-तावाची वेळ आली तेव्हा मी फाईल काढणार होतो. सुजाताने माझा हात दाबला. अण्णा म्हणाले, "आमच्यात एकच पद्धत. पैसा मी घालतो, अर्धलीनं देतो. निम्मं तुमचं, निम्मं माझं."

त्यांनीच समजावून सांगितलं. ज्याच्याकडे रेडकू आहे पण वाढवायला माणूस नाही, तो ते दुसऱ्याला वाढवायला देतो. चारापाणी, राखण दुसऱ्याची. म्हैस झाली, व्याली, की किंमत करायची आणि निम्मी-निम्मी. देणाऱ्याने मधल्या काळात रोज बघायला जायचं नाही, वाढवणाऱ्याचा जीव नकोसा होतो. पुण्यातल्या कुठल्याही करारात हे कलम मी वाचलेलं नव्हतं आणि मला ते फार आवडलं.

काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, यंत्राला हळद-कुंकू लावलं. अण्णांनी घरातून नवं दावं आणून यंत्राच्या दांडीला बांधलं. म्हणाले, आजपासून हे आमचं रेडकू, तुमच्या दावणीला. बाकी कागद मॅडमकडे करू. मग तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी जेवून आम्ही निघालो. मी वाटेत गाणं म्हणत होतो. सुजाता मागे वळून हौद्यातल्या दाव्याकडे बघत होती, गाण्यात सामील झाली नाही. मला वाटलं, थकली असेल.

खानापूर, शनिवार

शनिवारी सुजाता कंपनीच्या नोंदणीसाठी बेळगावात एका सी.ए.कडे थांबली आणि मी यंत्र घेऊन एकटाच खानापूरला गेलो. खानापूरला रान गावाच्या अंगणापर्यंत आलेलं आहे. कचेरीसमोर उभं राहून मागे वळलं की झाडी सुरू होते. भातखाचरं झाडांच्या मधे मधे, लाल मातीच्या पायवाटा, आणि कुठूनतरी लाकूड कापल्याचा ताजा वास. दोन वाड्यांवर मी भात वाळवून दाखवलं. लोकांनी चहा दिला, प्रश्न विचारले, पुढच्या सुगीला या म्हणाले. एका झाडाखाली बसून मी आमचं पुढचं सगळं आयुष्य बघितलं. गावोगाव फिरणाऱ्या पेट्या, कारखाना, त्याच्या दारात एक चाफा. चाफा पांढरा असावा की पिवळा हे ठरेपर्यंत ऊन कललं.

परतताना मला एक सुचलं आणि मी स्वतःवर खूष झालो. गुंतवणूकदाराला कामाची माहिती वेळोवेळी द्यावी, हे आम्ही पुण्यात शिकलो होतो. वाट येळ्ळूरच्या जवळूनच होती. यंत्र अण्णांच्या दारात नेऊन ठेवावं, दिवसभराचं काम सांगावं, दोन दिवस त्यांच्याच डोळ्यांसमोर राहू द्यावं. विश्वास वाढेल.

अण्णा ओसरीवर होते. टेम्पो बघून उठले. मी यंत्र उतरवून गोठ्याशेजारी उभं केलं आणि म्हणालो, "अण्णा, हे तुमच्याकडेच असू दे."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. मग त्यांनी काकूंना हाक मारली. काकूंनी तांब्या आणून यंत्राच्या दोन्ही चाकांवर पाणी ओतलं. मला ती माणुसकी बघून भरून आलं. मी फोटोही काढला. अण्णांनी दांडीचं दावं सोडलं, नीट गुंडाळलं आणि खुंटीला अडकवलं. किती टापटिपीचा माणूस, असं मला वाटलं. खानापूरचं सगळं मी उत्साहाने सांगितलं, ते अण्णांनी ऐकून घेतलं. चहा मात्र कुणी विचारला नाही. घाई असेल असं समजून मी निघालो.

येळ्ळूर, रविवार

सकाळी लॉजवर सुजाताचा फोन वाजला. मॅडम होत्या. अण्णांनी त्यांना कळवलं होतं की पोरांनी परत आणून बांधलं, आता आपला काही संबंध नाही.

मला काहीच उमगेना. सुजाताने मला काल नेमकं काय काय झालं ते विचारलं. यंत्र दारात नेऊन उभं केलं, हो. तुमच्याकडेच असू दे म्हणालो, हो. चाकांवर पाणी ओतलं का? ओतलं. दावं सोडलं? सोडलं. मी तिला फोटो दाखवला. ती आधी हसली आणि हसता हसता थांबली. अर्धलीचं जनावर झेपेनासं झालं की वाढवणारा ते मालकाच्या दारात आणून उभं करतो, ती म्हणाली. तोंडाने सांगायचं नसतं. मालकीण जनावराच्या पायांवर पाणी घालून घरात घेते आणि मालक आपलं दावं काढून ठेवतो. मी तिला विचारलं, तुला हे कसं माहीत? ती म्हणाली, चल, गाडी काढ.

सोमवारला एक दिवस उरला होता. वाटभर मी माफीची वाक्यं जुळवत होतो.

अण्णांना खरा प्रकार सांगितला तेव्हा ते आधी गोंधळले, मग गालात हसले. "पुण्याच्या माणसाला कुठनं ठावं असणार," असं म्हणून त्यांनी खुंटीचं दावं काढलं आणि यंत्राकडे निघाले. माझा जीव भांड्यात पडला. इथे गोष्ट संपली असती आणि मला ती संपायला हवी होती.

सुजाता म्हणाली, "अण्णा, बांधायच्या आधी जरा बसा."

ते बसले. तिने त्यांच्याकडे बघून, आवाज न चढवता सांगितलं, "माझी आजी दुसऱ्याची रेडकं वाढवायची. निपाणीजवळच्या खेड्यात. स्वतःची भाकरी कमी करून पेंड घालायची. म्हैस व्याली की मालक दारात यायचा. किंमत त्योच सांगायचा आन म्हैस बी त्योच घेऊन जायचा. निम्मे म्हणून हातावर ठेवंल ते घ्यायचं. आजीनं किमतीला न्हाय म्हटलं तर पुढचं रेडकू मिळायचं न्हाय."

अण्णा दाव्याशी चाळा करत होते. त्यांच्या बोटांत ते वेटोळं घट्ट होत गेलं.

"म्हणून अर्धली असंल तर माझी एक अट हाय," ती म्हणाली. "किंमत तुम्ही सांगा. त्या किमतीला आमचा वाटा तुम्हाला द्यायचा, का तुमचा आम्ही घ्यायचा, हे आम्ही ठरवणार."

हातात आलेला माणूस ती पुन्हा सोडत होती. तिच्यावर चिडावं असं एक क्षण वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आजीबद्दल इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, मी कधी विचारलंही नव्हतं.

"आमच्या बापानं लई रेडकं अर्धलीनं दिली," अण्णा शेवटी म्हणाले. "असं कधी केलं न्हाय." ते उठले आणि गोठ्यात गेले. एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पाठमोरे उभे राहिले. बाहेर कुणीतरी रस्त्यावर भात पसरत होतं, फावड्याचा खरखर आवाज येत होता. काकूंनी आमच्यापुढे चहा ठेवला. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

अण्णा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा हिशेब करणाऱ्या माणसाचा होता. "कमी सांगितली तर तू घेऊन मोकळी. जादा सांगितली तर माझ्याच गळ्यात."

"व्हय."

"म्हंजे खरीच सांगाय लागणार."

"व्हय."

काकू दारातून म्हणाल्या, खरी सांगायला कसली अडचण आहे. अण्णांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मग त्यांनी आपली अट घातली. दावण इथलीच हवी. यंत्र पुण्याला जायचं नाही, वाढवणारा माणूस इथे राहायला हवा. ते माझ्याकडे वळले. "ह्यो ऱ्हाणार का हितं?"

मी विचार करायच्या आत हो म्हणून बसलो. नंतर विचार केला, तेव्हाही उत्तर तेच आलं.

दावं मात्र त्यांनी बांधलं नाही. सुजाताने त्यांना एका दिवसाची मुदत मागितली. आईशी बोलल्याशिवाय आपण हो म्हणणार नाही, असं तिने सांगितलं. अण्णांनी दावं मांडीवर ठेवलं आणि थांबतो म्हणाले.

पुन्हा निपाणी

घाट उतरताना या खेपेला धुकं नव्हतं. लांबपर्यंत शेतं, त्यांतल्या विहिरी, दुपारचं पिवळं ऊन, सगळं स्पष्ट. मी सरळ समोर बघून गाडी चालवली. सुजाता खिडकीबाहेर बघत होती आणि मला तिला काही विचारायचा धीर होत नव्हता. ती जाईल असं मला वाटत होतं. तिची आई नको म्हणणार, आणि आईंचं चूक आहे असं मलाही म्हणता येणार नव्हतं.

आई भाजी निवडत होत्या. सुजाताने त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तूस, दावं, माझा मूर्खपणा, अण्णा. तुसाला आई हसल्या. अर्धलीचं नाव आलं तेव्हा त्यांचे हात थांबले. सुजाताने आपली अट सांगितली, ती त्यांनी परत सांगायला लावली.

"किंमत त्यांनी करायची?"

"व्हय आई."

"आन घ्यायचं का द्यायचं ते तू ठरवणार?"

"व्हय. मी आन निखिल."

"आन त्यो माणूस कबूल झाला?"

"झाला. मी थांबवलंय."

आईंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांचा आवाज आला तेव्हा तो नेहमीचाच होता, दवाखान्यात माणसाला औषधाच्या वेळा सांगाव्यात तसा. "आमच्या आईला कुणी इचारलं न्हवतं. शेवटची म्हैस नेली तवा ती ओढ्यापर्यंत मागनं गेलती. मी बी गेलते, तिचा पदर धरून. म्हैस वळून वळून बघायची."

सुजाताने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईंनी तो बाजूला केला, डोळे पुसले आणि उठल्या.

"बेंगळूरला आत्ताच कळव," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला बी फोन लाव. दावं हातात घिऊन बसला असंल."